दीड सेकंदात थांबलेला पंप: जीएसएलव्ही-डी ३ ते जीएसएलव्ही-डी ५

१५ एप्रिल २०१० रोजी दुपारी ४ वाजून २७ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-डी ३ हा प्रक्षेपक उडाला, तेव्हा त्याच्या शिरोभागी २,२२० किलो वजनाचा जीसॅट-४ उपग्रह होता आणि उपग्रहाच्या खाली, प्रथमच, संपूर्ण भारतीय बनावटीचा क्रायोजेनिक टप्पा, म्हणजे अतिशीत द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन जाळणारा टप्पा, होता. चारही बाजूंची द्रवइंधनाची इंजिने, मधला घनइंधनाचा टप्पा आणि त्यावरचा दुसरा टप्पा यांनी आपापली कामे बिनचूक केली. उड्डाणानंतर २९३ सेकंदांपर्यंत प्रक्षेपक आखलेल्या मार्गावरून तसूभरही ढळला नव्हता. त्यानंतर क्रायोजेनिक टप्प्याने सुमारे ७२० सेकंद जळून उपग्रहाला भूस्थिर कक्षेकडे नेणाऱ्या लांबट कक्षेत सोडायचे होते. प्रत्यक्षात तो टप्पा पेटला, काही क्षण जोर धरल्यासारखे वाटले आणि मग नियंत्रण कक्षातील पडद्यावरची रेषा खाली झुकू लागली. प्रक्षेपक, उपग्रह आणि जवळजवळ सोळा वर्षांचे काम बंगालच्या उपसागरात गेले.

या घटनेपासून ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्ही-डी ५ यशस्वी होईपर्यंत सुमारे पावणेचार वर्षे गेली. अंतराळ-इतिहासाची आवड असणाऱ्या मंडळींत ही गोष्ट बहुधा एकाच साच्यात सांगितली जाते: अमेरिकेने अडवले, रशियाने शब्द फिरवला, आपण जिद्दीने स्वतःचे इंजिन केले. ते खोटे नाही. परंतु त्या साच्यात या पावणेचार वर्षांना जागाच उरत नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातील खरे शिकण्याजोगे तेवढेच आहे. म्हणून पार्श्वभूमी थोडक्यात सांगून मी त्या पंपाकडे वळणार आहे.

पार्श्वभूमी अशी. इस्रोने १९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी क्रायोजेनिक इंजिने आणि त्यांचे तंत्रज्ञान मिळवण्याचा करार केला. मे १९९२ मध्ये, क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या प्रसारावरील निर्बंधांचा हवाला देत, अमेरिकेने इस्रो आणि ग्लावकॉसमॉस या दोहोंवर दोन वर्षांची बंदी घातली. उणे २५३ अंशांवर उकळणारा द्रव हायड्रोजन क्षेपणास्त्रात भरून महिनोन्‌महिने सज्ज ठेवता येत नाही, ही साधी गोष्ट अमेरिकी तज्ज्ञांना ठाऊक नव्हती असे मानणे कठीण आहे. पण तो वाद इथे नको. १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्याची बाजू सोडली आणि सुधारित कराराप्रमाणे तयार टप्पे देऊ केले. उड्डाणासाठी असे सात टप्पे मिळाले. इस्रोने १९९४ मध्ये स्वतःचा क्रायोजेनिक टप्पा विकसित करण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात क्रायोजेनिक कामाची धुरा वाहणारे नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. १९९६ मध्ये सीबीआयने तो आरोप निराधार ठरवला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपये भरपाई देवविली.

भारतीय इंजिनाची रचना रशियन इंजिनाच्याच वळणाची होती. त्यात इंधनाचा काही भाग आधी एका छोट्या दहनकक्षात जाळून त्या वायूवर टर्बाइन फिरवतात आणि तोच वायू पुढे मुख्य दहनकक्षात नेऊन पुन्हा जाळतात. या पद्धतीत इंधनाचा कण न कण कारणी लागतो; पण त्याची किंमत अशी की इंजिनाचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाशी जखडलेला असतो आणि एकेक भाग सुटा तपासून संपूर्ण इंजिनाविषयी हमी देता येत नाही. इंजिनाचा जोर सुमारे ७५ किलोन्यूटन, म्हणजे आकड्यात फारसा मोठा नाही. कठीण आहे ते त्याच्या आत जे चालते ते.

द्रव हायड्रोजन अतिशय हलका असतो. एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलो भरते, तर तेवढ्याच द्रव हायड्रोजनचे जेमतेम ७१ किलो. असा विरळ द्रव पुरेशा दाबाने दहनकक्षात ढकलायचा तर मुख्य पंप मिनिटाला सुमारे ३९,००० फेऱ्यांनी फिरवावा लागतो. पण इतक्या वेगाने फिरणाऱ्या पंपाच्या तोंडाशी द्रवाचा दाब थोडा जरी कमी पडला तरी द्रव तिथल्या तिथे उकळतो, बुडबुडे धरतो आणि पंप नुसताच गरगरत राहतो. विहिरीवरच्या मोटरने हवा धरली की ती आवाज मोठा करते पण पाणी उचलत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला यातले मर्म वेगळे सांगायला नको. विहिरीवर आपण फूटव्हॉल्व्ह तपासतो, नळीत पाणी ओतून हवा काढतो आणि पुन्हा बटण दाबतो. १३० किलोमीटरच्या वर ही सोय नसते. म्हणून हायड्रोजनच्या टाकीतच एक छोटा बूस्टर पंप बसवलेला असतो. तो द्रवाचा दाब आधी थोडा चढवून मुख्य पंपाच्या तोंडाशी आणून देतो. वायूवर फिरणारे टर्बाइन या पंपाला चालवते. डी ३ मध्ये थांबला तो हा बूस्टर पंप.

हे कळायला मात्र वेळ लागला. उड्डाणाच्या दिवशीची पहिली समजूत वेगळीच होती: प्रक्षेपक डळमळू लागलेला दिसल्यामुळे दिशा सांभाळणारी दोन छोटी इंजिने पेटली नसावीत, असे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष के. राधाकृष्णन यांनी सांगितले होते, आणि मुख्य इंजिन तरी पेटले होते का याचीही खात्री तेव्हा देता येत नव्हती. जुलै २०१० मध्ये चौकशीचे निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा हे दोन्ही तर्क बाजूला पडले. मुख्य इंजिन पेटले होते, दोन्ही छोटी इंजिनेही पेटली होती. टप्पा सुरू झाल्यापासून २.२ सेकंदांपर्यंत प्रक्षेपकाचा प्रवेग आधीच्या जीएसएलव्ही उड्डाणांशी जुळत होता. बूस्टर पंप नीट सुरू झाला, त्याने मिनिटाला ३४,८०० फेऱ्यांचा कमाल वेग गाठला, ०.९ सेकंदांनंतर वेग उतरू लागला आणि पुढच्या ०.६ सेकंदांत तो पूर्ण थांबला. सेकंदाला ५८० फेरे घेणारी वस्तू अर्ध्या सेकंदाहून थोड्या अधिक वेळात जागच्या जागी थिजली. हायड्रोजन मिळेनासा झाल्यावर दहनकक्षात जोर वाढण्याचा प्रश्नच नव्हता.

पंप थांबला हे निश्चित झाले. का थांबला हे निश्चित झाले नाही. समितीने दोन शक्यता मांडल्या. एक अशी की पंपाच्या आतील एखादे सील फिरत्या दांड्याला आवळून बसले आणि दांडा अडकला. दुसरी अशी की दाब अतोनात वाढल्यामुळे आणि तापमानातील फरकाच्या ताणामुळे टर्बाइनचे आवरण फुटले. पंप समुद्राच्या तळाशी होता. हातात घेऊन पाहण्याजोगा एकही तुकडा उपलब्ध नव्हता. पुरावा होता तो तेवढ्या दीड-दोन सेकंदांत जमिनीवर पोहोचलेल्या आकड्यांचा. त्या आकड्यांवरून दोहोंपैकी एकच शक्यता ठामपणे निवडता येत नव्हती, आणि समितीने तसा आव आणला नाही. मला या अहवालातली हीच जागा सर्वांत मोलाची वाटते. गुन्हेगार एकच हवा, असा आग्रह चौकशीत नेहमी असतो. वरिष्ठांनाही तो हवा असतो आणि वर्तमानपत्रांनाही. इथे दोन संशयित मोकळे ठेवून दोघांचाही बंदोबस्त करण्याचे ठरले.

पहिली शक्यता किती सूक्ष्म मापाची आहे हे पाहण्यासाठी एक साधा हिशेब करता येतो. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा नेहमीच्या तापमानावरून द्रव हायड्रोजनच्या तापमानापर्यंत थंड केला तर तो लांबीत सुमारे ०.४ टक्के आक्रसतो. स्टेनलेस स्टील सुमारे ०.३ टक्के. शंभर मिलिमीटरच्या मापावर हा फरक ०.१ मिलिमीटरचा होतो, म्हणजे साधारण एका कागदाच्या जाडीचा. टाकीत इंधन भरण्यापूर्वी जी फट बरोबर मापाची असते, ती इंधन भरल्यावर राहीलच असे नाही; आणि एका बाजूला अतिशीत द्रव व दुसऱ्या बाजूला टर्बाइनचा वायू असेल तर पंपाचा एक भाग आक्रसत असताना दुसरा प्रसरण पावू लागतो. परक्या देशाकडून आराखडा मिळाला तरी त्यात माप लिहिलेले असते. ते माप तेवढेच का, आणि किती हलले तर चालेल, हे कागदावर नसते. ते पंप बिघडवूनच कळते. बंदीमुळे आपल्याला नक्की काय मिळाले नाही, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे.

एक अडचणीचा प्रश्न इथे विचारायला हवा. १५ नोव्हेंबर २००७ रोजी तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे हाच टप्पा जमिनीवर पूर्ण ७२० सेकंद चालवून दाखवला गेला होता. जो जमिनीवर बारा मिनिटे चालला तो आकाशात दीड सेकंदात कसा ढेपाळला? जमिनीवरील चाचणीने इंजिन जळते हे सिद्ध केले होते. निर्वातात, उड्डाणाचे हादरे सोसल्यावर आणि दुसरा टप्पा सुटल्यानंतरच्या त्या विशिष्ट क्षणी ते सुरू होते, हे तिथे सिद्ध व्हायचे नव्हते. चाचणी उत्तीर्ण झाली याचा अर्थ चाचणीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आले, एवढाच. म्हणून डी ५ च्या तयारीत महेंद्रगिरीला उंचावरच्या विरळ हवेची परिस्थिती निर्माण करणाऱ्या सुविधेत इंजिन पेटवून पाहण्यात आले. पंपाची रचना बदलण्यात आली, ती बेअरिंग आणि आवरण यांच्या आकुंचन-प्रसरणाचा हिशेब पुन्हा मांडून. मुख्य इंजिन, दिशानियंत्रक इंजिने आणि वायुजनक (टर्बाइनसाठी वायू तयार करणारा छोटा दहनकक्ष) यांच्या पेटण्याचा क्रमही नव्याने बसवला गेला.

पण हे काम सुरू असतानाच दुसरा आघात झाला आणि तो क्रायोजेनिक टप्प्याच्या इंजिनाशी संबंधित नव्हता. २५ डिसेंबर २०१० रोजी जीएसएलव्ही-एफ ०६ हा रशियन टप्पा घेऊन उडाला. त्यावर २,३१० किलोचा जीसॅट-५पी होता आणि अधिक रुंद, चार मीटर व्यासाचे शिरोवेष्टन (उपग्रह झाकणारे टोकावरचे आवरण) बसवलेले होते. उड्डाणानंतर ४७ सेकंद उलटून गेल्यावर रशियन टप्प्याच्या तळाशी असलेले दहा विद्युत-जोड निसटले. प्रक्षेपकाचा संगणक वरच्या भागात होता आणि सुकाणू देणारी इंजिने खाली. मधली तारच तुटल्यावर आज्ञा पोहोचेनात. प्रक्षेपक कलला, हवेच्या माऱ्यात मोडला, आणि ६४ व्या सेकंदाला सुरक्षा अधिकाऱ्यांनी तो नष्ट करण्याची आज्ञा दिली. त्या जोडांभोवतीचे आवरण हवेच्या दाबाने वाकले आणि त्याने जोड ओढले, हे कारण पुढे आले. त्यामुळे डी ५ साठी ते आवरणही नव्याने घडवले गेले, हवेच्या दाबाचा सारा अभ्यास पुन्हा झाला, आवरणाच्या हालचालीवर नजर ठेवायला कॅमेरा बसवला गेला.

आठ महिन्यांत दोन प्रक्षेपक गेले, एक स्वदेशी टप्प्याचा आणि एक आयात टप्प्याचा. याचा व्यावहारिक परिणाम असा झाला की उपग्रह तयार असून वाहन नाही, अशी स्थिती आली. जुलै २०१३ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डी हा हवामान उपग्रह २,०६० किलोचा, म्हणजे अगदी जीएसएलव्हीच्या मापाचा होता. तोही फ्रेंच गयानातील कौरू येथून एरियान-५ वर पाठवावा लागला. जीसॅट-४ सोबत हरपलेले, विमानांच्या मार्गदर्शनासाठीचे गगन प्रणालीचे उपकरण पुढे मे २०११ मध्ये जीसॅट-८ वरून गेले, तेही कौरूहूनच. स्वतःचे क्रायोजेनिक इंजिन नसणे म्हणजे काय, याचा अर्थ राष्ट्राभिमानापेक्षा भाड्याच्या पावत्यांत अधिक स्पष्ट दिसतो.

१९ ऑगस्ट २०१३ रोजी डी ५ प्रक्षेपण मंचावर उभा होता. दुपारी ४ वाजून ५० मिनिटांची वेळ ठरली होती. क्रायोजेनिक टप्प्यावर सर्वांचे डोळे होते, आणि गळती निघाली दुसऱ्या टप्प्यात, जो टप्पा सर्वांनी पुरता जाणलेला समजला जात होता. उड्डाणाला १ तास १४ मिनिटे उरली असताना त्या टप्प्यातून यूएच-२५ हे इंधन गळू लागल्याचे दिसले. हे हायड्रॅझिनच्या कुळातील इंधन विषारी आणि जात्याच धोकादायक. खाली चार बाजूंना भरलेली इंजिने, मध्ये घनइंधनाचा मोठा टप्पा, वर हायड्रोजन. उलटगणती थांबवण्यात आली, इंधन उतरवण्यात आले आणि प्रक्षेपक जुळणी इमारतीत परत नेण्यात आला. गळक्या टाकीचा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू (एएफएनओआर ७०२०) ताण आणि गंज यांच्या एकत्रित परिणामाने तडे जाण्याच्या प्रवृत्तीचा होता. नवा दुसरा टप्पा एए २२१९ या मिश्रधातूच्या टाकीसह बांधला गेला; चारही बाजूंचे द्रवइंधनाचे टप्पेही नवे घेण्यात आले.

या थांबण्याचे कौतुक तेव्हा फारसे झाले नाही. वृत्तवाहिन्यांवर तो आणखी एक फज्जा ठरला. मला तो या साऱ्या प्रकरणातील सर्वांत पक्का निर्णय वाटतो. साडेतीन वर्षे वाट पाहिलेले, दोन अपयशांनंतरचे उड्डाण, समोर पूर्ण भरलेला प्रक्षेपक; अशा वेळी आणखी काही महिने लांबणीवर टाकायला जे बळ लागते ते पंपाच्या रचनेपेक्षा कमी तांत्रिक नसते.

५ जानेवारी २०१४ रोजी, २९ तासांच्या उलटगणतीनंतर, दुपारी ४ वाजून १८ मिनिटांनी डी ५ उडाला. मोहिमेचे संचालक के. सिवन होते. क्रायोजेनिक टप्पा ठरल्या वेळी पेटला, ठरला तेवढा वेळ जळला आणि उड्डाणापासून सुमारे १७ मिनिटांनी १,९८२ किलोचा जीसॅट-१४ अपेक्षित कक्षेत सुटला.

या यशात खासगी कारखान्यांचा वाटा होता, तो उल्लेखिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात दुसऱ्या टप्प्याचे विकास इंजिन आणि क्रायोजेनिक इंजिनाचे भाग घडतात. हैदराबादची एमटीएआर ही कंपनी त्यात सोबतीला आहे. कपाटे आणि कुलपांसाठी घरोघरी ठाऊक असलेल्या नावाखाली असे काम चालते, याचे मराठी वाचकाला अजूनही नवल वाटते. आज अंतराळ उद्योगात नव्या कंपन्यांची चर्चा जोरात असताना हे जुने हात विसरले जातात. बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या आवारात क्रायोजेनिक इंजिने एकत्रितपणे बनवण्याची सुविधा सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती याच कामाची पुढची पायरी होय.

इस्रोने मोठ्या एलव्हीएम-३ प्रक्षेपकासाठी सीई-२० हे इंजिन केले तेव्हा मात्र रशियन वळण सोडले. त्यात टर्बाइन फिरवणारा वायू पुन्हा मुख्य कक्षात न नेता बाहेर सोडतात. कार्यक्षमता थोडी कमी होते. परंतु इंजिनाचे भाग सुटेसुटे तपासता येतात. २० टनांच्या आसपास जोर असलेल्या या इंजिनाने जून २०१७ मध्ये ३,१३६ किलोचा जीसॅट-१९ नेला, २०२२ आणि २०२३ मध्ये उपग्रहांवरून इंटरनेट पुरवणाऱ्या वनवेब कंपनीचे प्रत्येकी ३६ उपग्रह दोन फेऱ्यांत पोहोचवले, आणि चांद्रयान-३ ही. सीई-२० ची ही निवड नुसती सोय नव्हे, असे माझे मत आहे; जे आपल्याला जमिनीवर तपासता येते तेच आकाशात न्यावे, हा डी ३ चा धडा त्या आराखड्यातच उतरला असावा.

जुन्या इंजिनाची कथा मात्र डी ५ पाशी संपली नाही. त्यानंतर सलग पाच उड्डाणे यशस्वी झाली आणि १२ ऑगस्ट २०२१ रोजी जीएसएलव्ही-एफ १० पृथ्वीनिरीक्षण उपग्रह ईओएस-०३ घेऊन निघाला. पुन्हा तोच टप्पा, पुन्हा जवळजवळ तेच सेकंद, पुन्हा हायड्रोजन कमी पडला आणि पुन्हा तोच बूस्टर पंप नीट चालला नाही. २०१० चा अहवाल ज्यांनी वाचला होता त्यांच्या मनात पहिला विचार आला तो पंपाचाच. परंतु या वेळी पंप गुन्हेगार नव्हता. इंजिन पेटण्याच्या क्षणी हायड्रोजनच्या टाकीतील दाबच कमी होता, आणि त्या कमी दाबामुळे पंप बिचारा अडचणीत आला होता. दाब का उतरला, तर टाकीतील जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या झडपेतून गळती झाली असावी. त्या झडपेच्या मऊ सीलला इजा झाली असण्याची शक्यता होती. कारणे म्हणून झडपेची उघडझाप, आत गेलेला कचरा, आणि अतिशीत तापमानात झडप बसवलेल्या जागी येणारा ताण अशी तीन नावे घेतली गेली. चौकशी समितीने संगणकीय प्रतिकृती आणि जमिनीवरील चाचण्या करून हे पडताळले. उपाय म्हणून इंजिन सुरू करण्याची आज्ञा देण्यापूर्वीच टाकीतील दाब पुरेसा चढवून घेणारी व्यवस्था करण्याचे, झडप आणि तिच्याशी जोडलेल्या नळ्या बळकट करण्याचे, आणि क्रायोजेनिक टप्प्याच्या आणखी काही मोजमापांवर आपोआप लक्ष ठेवून मगच उड्डाणाला परवानगी देण्याचे सुचवले गेले.

पुढचे उड्डाण जवळजवळ दोन वर्षांनी झाले. २९ मे २०२३ रोजी एफ १२ ने एनव्हीएस-०१ हा दिशादर्शन उपग्रह पोहोचवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफ १४ ने इन्सॅट-३डीएस नेला. जानेवारी २०२५ मध्ये एफ १५ ने एनव्हीएस-०२ बरोबर जागी सोडला, जरी पुढे त्या उपग्रहातीलच एका झडपेने दगा दिल्यामुळे त्याला अंतिम कक्षा गाठता आली नाही. ३० जुलै २०२५ रोजी एफ १६ ने निसार हा नासा आणि इस्रो यांनी मिळून बनवलेला, जवळपास २,४०० किलोचा उपग्रह सूर्यसमकालिक कक्षेत (जिथून उपग्रह प्रत्येक ठिकाणावरून साधारण एकाच स्थानिक वेळी जातो) ठेवला; या जातीच्या कक्षेत जीएसएलव्ही पहिल्यांदाच गेला. १९९३ च्या करारातून आलेल्या सात रशियन टप्प्यांपैकी सहा २००१ ते २०१० या काळात वापरले गेले होते. सातवा कधीच उडाला नाही.